नोकरी सोडू नकोस म्हणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "आई कशी आहे?" म्हणून विषय बदलता. म्हणून आज लिहून, आणि चारचौघांत.

सातपूरच्या कारखान्यात मी हिशेब सांभाळतो. घराचा हप्ता सुरू झाला आणि पगारात महिना निघेनासा झाला. तेव्हा मोबाईलवर 'घरबसल्या व्हिडिओ लाइक करा, पैसे कमवा' असे मेसेज यायचे. त्यातला एक तुम्हाला दाखवला, तर तुम्ही म्हणालात, "काम देणारा पैसे देतो, आधी मागत नाही. आपल्या गुरुजींनी पेटी शिकवलीय ना? ती शिकव." आणि नुसतं सांगून थांबला नाहीत. न्यू जर्सीहून ऑनलाइन शिकणारे तुमचे स्वतःचे दोन विद्यार्थी माझ्या हवाली केलेत. त्यांच्या फीमधला एक रुपयाही कधी घेतला नाहीत. जमवलेले विद्यार्थी असे दुसऱ्याला देणं किती कठीण असतं, ते स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं.

झूमला पेटीचा लांबवलेला सूर गोंगाट वाटतो आणि ते तो दाबून टाकतं. मुलांना तुटक तुटक ऐकू यायचं. तुम्ही रात्री समोर बसून झूमची 'ओरिजिनल साउंड' ही सेटिंग चालू करून घेतलीत, मोबाईल भात्यापासून लांब आणि सुरांच्या बाजूला ठेवायला लावलात. आवाज पोचायला किंचित उशीर होतो, म्हणून दोघांनी एकत्र वाजवायचंच नाही. आपण ओळ वाजवायची, मग आपला माइक बंद करून मुलाची ऐकायची, हेही तुमचंच. आणि तो भूप राग! तिकडे बहुतेकांच्या घरी पेटी नसते, कीबोर्ड असतो. "काळी तीनचा सा धर," तुम्ही म्हणालात, "भूपाचे पाचही सूर काळ्याच पट्ट्यांवर येतात. पोराला सांग, पांढरीला हातच लावायचा नाही." पहिल्याच तासाला आठ वर्षांच्या मुलाच्या हातून आरोह-अवरोह निघाला आणि त्याची आजी स्क्रीनच्या कडेला येऊन उभी राहिली.

आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तिकडे हिवाळ्यात आदल्या रात्रीचे आठ असतात. मार्चमध्ये त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात. मुलांची झोप मोडू नये म्हणून वेळ आपण बदलायची, हा तुमचा नियम. त्यामुळे नोव्हेंबरपर्यंत मी साडेपाचलाच पेटी उघडतो. आवरून साडेनऊला कामावर हजर होता येतं.

पण खरे आभार मानायचेत ते गेल्या वर्षीच्या बोलण्याबद्दल. शिकवण्या वाढल्या होत्या आणि मी राजीनाम्याची भाषा करू लागलो होतो. शाबासकी देणारे पुष्कळ होते. तुम्ही मात्र मला कागद-पेन घेऊन बसवलंत. पीएफ किती, आई कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहे तो सुटला तर काय, हप्ता किती वर्षं राहिलाय, उन्हाळ्याच्या सुट्टीत निम्मी मुलं तास बंद करतात ते महिने कसे काढणार, सगळं लिहायला लावलंत. मग म्हणालात, "घर नोकरीवर चालू दे. फीवर घर चालायला लागलं की मूल कसं शिकतंय यापेक्षा ते टिकतंय का, याकडेच लक्ष जातं." मी नोकरी सोडली नाही. म्हणूनच आजही तयारी नसलेल्या मुलाच्या पालकांना 'परीक्षेला यंदा बसवू नका' असं मी निर्धास्तपणे सांगू शकतो.

दोन्ही कामं उघडपणे करायची, हेही तुम्हीच मनावर बिंबवलंत. नियुक्तीपत्रातलं बाहेरच्या कामाचं कलम वाचायला लावलंत आणि लेखी परवानगी मिळेपर्यंत तिसरा विद्यार्थी घेऊ दिला नाहीत. कामाच्या वेळेत पालकांचा फोन घ्यायचा नाही. फी वेगळ्या खात्यात, आणि आली की कराचा वाटा लगेच बाजूला. कारण पगारावर कंपनी टीडीएस कापते, पालक काही कापत नाहीत, आणि टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त निघाला तर आगाऊ कर भरावा लागतो. पगारदाराचा आयकर विवरणाचा 'सहज' फॉर्म आता चालणार नाही, याचीही आठवण तुम्हीच केलीत. हिशेब माझा पेशा असला तरी घरच्या पैशाला ही शिस्त तुमच्यामुळे लागली.

आता हप्ता वेळेवर जातो आणि महिनाअखेरीला कुणाकडे हात पसरावा लागत नाही. आई सकाळी चहा ठेवता ठेवता मुलांच्या चुका ऐकते आणि तास संपला की मला सांगते.

न्यू जर्सीची ती दोघं डिसेंबरात आजी-आजोबांकडे पुण्याला येणार आहेत. तुमच्यासमोर बसून वाजवायचं, असा त्यांचा हट्ट आहे. मीही आईला घेऊन येतो. रविवारची सकाळ तुम्हाला जमेल का, तेवढं कळवा.

तुमचा गुरुबंधू,
नाशिक