ट्रेडवर सरसकट बंदी नको

संपादक साहेब,

ऑनलाईन गेममधली खेळाडूंची आपापसातली खरेदीविक्री, म्हणजे ट्रेड, बंदच करा असं बरेच जण म्हणतात, पण रूनस्केप नावाच्या ऑनलाईन गेममध्ये हे करून झालंय ना. खरे पैसे घेऊन गोल्ड, म्हणजे गेममधली नाणी, विकणाऱ्यांना अडवायला २००८च्या जानेवारीत गेम बनवणाऱ्या जॅगेक्स कंपनीने ट्रेडवर लिमिट आणली, दोन्ही बाजूंच्या वस्तूंची किंमत साधारण सारखीच हवी, म्हणजे मित्राला एखादी महागडी तलवार अशीच द्यायचीही सोय राहिली नाही. त्रास सगळा साध्या खेळाडूंना! शेवटी खेळाडूंचं मत घेऊन २०११च्या फेब्रुवारीत मोकळा ट्रेड परत आणला. बॉट (माणसाऐवजी आपोआप खेळणारे प्रोग्रॅम) चालवणाऱ्यांना पकडा, वस्तूंचे आधीचे भाव सगळ्यांना दिसू द्या, आणि नियम बदलायच्या आधी खेळणाऱ्यांना विचारा की.

— एक वाचक, ठाणे