वाळूच्या हौदासाठी आवाहन

पालक आणि हितचिंतक, सस्नेह नमस्कार.

बालवाडीच्या अंगणातला वाळूचा हौद महिनाभर बंद आहे, हे मुलांना सोडायला येताना आपण रोज पाहताच. तळाला निचरा नाही, वरून प्लॅस्टिकची ताडपत्री. पाणी कोंडून वाळूला वास येऊ लागला.

हे अंगण आपल्याच माणसांनी उभे केले. ओंडक्यांची साल काढून, कडा घासून गोल करून देणारे आजोबा. टायरमधून तार डोकावत नाही ना हे हात फिरवून बघणारे आणि पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून प्रत्येक टायरला खालून चार भोके पाडून देणारे पालक. माती-चिखलाच्या खेळातल्या स्वयंपाकघरासाठी घरची पातेली, गाळण्या देणाऱ्या आया. या सर्वांचे ऋण संस्था विसरलेली नाही. त्याच भांड्यात मूल वाळू दाबून भरते, उपडी करते, मूद ढासळते. मग ओंजळभर पाणी घालून पुन्हा. पाणी कमी पडले तरी मूद फुटते, जास्त झाले तरी खचते. हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. फक्त वाळू हवी.

मागचे आवाहन पंधरा दिवस फळ्यावर होते. चौकशी दोघांनीच केली. वाईट वाटले, ते लपवत नाही.

काम असे: हौद ३ × २ मीटर. जुनी वाळू उपसून ४५ सेंटिमीटर खोल खणायचे, तळाला एका बाजूला उतार द्यायचा. त्यावर १० सेंटिमीटर खडी, मग पाणी झिरपेल असे जिओटेक्स्टाइल कापड (नाहीतर वाळू खडीत उतरते आणि निचरा पुन्हा तुंबतो), वर ३० सेंटिमीटर वाळू. म्हणजे खडी ०.६ घनमीटर, वाळू १.८ लागेल, पण ती दबते, म्हणून २ घनमीटर. वाळू धुतलेली, गोल कणांची हवी. दगड भरडून केलेली नको, तिचे कण टोचतात आणि धूळ छातीत जाते. बांधकामावर उरलेली तर कृपया आणूच नका. तिच्यात सिमेंट मिसळलेले असू शकते, ते ओले झाले की कातडी भाजू शकते. झाकायला लाकडी चौकटीवर बारीक जाळी हवी, म्हणजे हवा खेळेल आणि मांजरे घाण करणार नाहीत.

येत्या शनिवारी सकाळी ७ पासून खोदकाम, किमान आठ माणसे. फावडी, घमेली आपापली. साहित्य मागच्या फाटकाशी, शुक्रवारपर्यंत. रोख देणगी कार्यालयात, पावती घ्यावी. येणाऱ्यांनी नाव आधी कळवावे.

– सचिव