कॅनव्हासवरची कोळीण पडते तेव्हा

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीत ‘चित्र एका बैठकीत उतरतं’ असं वाचलं आणि हसू आलं. माझ्या चित्रातली कोळीण तीन आठवडे तोल जाऊन पडतेच आहे. डोक्यावर पाटी, भार डाव्या पायावर. म्हणजे कंबर डावीकडे वर, तोच खांदा खाली हवा. मी दोन्ही सरळ काढले होते! गळ्याच्या खळगीतून ओळंबा (वजन बांधलेला दोरा) धरला, तर तो भार पेललेल्या पायाच्या घोट्यावर यायच्या ऐवजी चार बोटं बाहेर. शेवटी बायकोला परात देऊन उभं केलं (कुरकुर वेगळीच), कोळशाने पाच रेखाटनं केली, रंगवलेला पाय खरवडला. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या स्मरणचित्रात मुलं माणसं पाठ करूनच काढतात. वर्गात कुणाला पाच मिनिटं उभं करा की!

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, अलिबाग