वरचं सँडहर्स्ट रोड

माझगाव, मुंबई
3 फेब्रुवारी 2025

प्रिय सुहास,

आज सकाळी मुद्दाम डॉकयार्ड रोडवरून व्हीटीची गाडी पकडली. आता सीएसएमटी म्हणतात, पण तुझ्याशी बोलताना तोंडात व्हीटीच येतं. आज बरोबर शंभर वर्षं झाली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली, ती आपल्या हार्बर लाइनवरून. गव्हर्नर लेस्ली विल्सन त्या दिवशी हजर होते.

लहानपणी आपण खिडकीसाठी भांडायचो, आठवतं? सँडहर्स्ट रोडला गाडी वर चढायची आणि डोंगरीतल्या घरांचे दुसरे मजले अगदी हाताशी यायचे. वाळत घातलेली लुगडी, पिंजऱ्यातला पोपट, अभ्यासाला बसलेली पोरं. खाली मेन लाइनच्या गाड्या आणि वर आपण. पण गाडी चढते कशाला, हे आपण कधी कुणाला विचारलं नाही.

हार्बर पूर्वेकडून, गोदीच्या बाजूने येते. व्हीटीला मात्र तिचे एक आणि दोन नंबरचे फलाट पश्चिमेच्या टोकाला आहेत. मधे मेन लाइनचे रूळ आडवे. ते ओलांडायचे तर वरूनच. दोन्ही बाजूंना मशीद बंदर आणि डोंगरीची दाट वस्ती, तिथे पसरायला जागा कुठून मिळणार? म्हणून लोखंडी खांबांवर रूळ उचलले आणि एकावर एक असं दुमजली स्टेशन झालं. त्याआधी, डिसेंबर 1910 पासून, कुर्ल्याहून येणारी गाडी रे रोडलाच थांबायची. व्हीटी इतकी जवळ, आणि तिथवर पोचायला चौदा वर्षं लागली! मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. गोदीत कामाला जाणाऱ्यांचं ठीक, पण फोर्टात जाणाऱ्यांनी काय करायचं?

असा चढ कोळशाच्या इंजिनाला जड जातो, त्यातून दर स्टेशनला थांबून पुन्हा वेग घ्यायचा. विजेच्या गाडीला ते सोपं. तुझे बाबा मोटरमन होते, त्यांना हे सांगावंही लागलं नसतं. ड्युटीवरून आले की ते चढाबद्दल बोलायचे, आणि आपण कॅरमकडे पळायचो. तेव्हा बसून ऐकायला हवं होतं, रे.

त्या पहिल्या गाडीला 1500 व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज होती. पुढे मुंबईच्या सगळ्या लोकल एकेक करून 25 हजार व्होल्ट एसीवर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर गेल्या, आणि डीसी शेवटपर्यंत टिकली तीही हार्बरवरच. 9 एप्रिल 2016 च्या रात्री कुर्ल्याहून शेवटची डीसी गाडी सुटली. मी आणि तुझे बाबा सँडहर्स्ट रोडच्या वरच्या फलाटावर उभे होतो. तू तेव्हा नागपूरला होतास. गाडी आली तसे बाबांनी चष्मा काढून पुसला, आणि ती मशीदकडे उतरून दिसेनाशी होईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोटरचा आवाज ऐकलास? उद्यापासून हा नाही."

स्टेशनचं नाव डोंगरी करायचा ठराव गेल्या वर्षी विधिमंडळात झाला. सँडहर्स्ट हेही गव्हर्नरचंच नाव. डोंगरी मला आवडेल, तिथल्या माणसांचं आहे ते.

मे महिन्यात पोरांना घेऊन ये. डॉकयार्डवरून बसू, डावी खिडकी त्यांना देऊ. बाबांची शिट्टी माझ्याकडेच आहे, तीही घेऊन जा.

तुझा,
विनू