टोकियोत जेवण मागवताना

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तू टोकियोला निघालास आणि पक्का शाकाहारी आहेस, म्हणून जेवण मागवण्यापुरतं जपानी लिहून पाठवतोय. 'देसु', 'मासु' यांतला शेवटचा उकार जवळजवळ गिळतात. 'देस', 'मास' असंच म्हण.

दारात विचारतील, 'नानमेइसामा देस का?', म्हणजे किती जण? एकटा असलास तर 'हितोरी देस', दोघं असाल तर 'फुतारी देस'. ही मोजणी माणसांची. पदार्थांसाठी हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु: एक, दोन, तीन. टेबलावर बटण असेल तर दाब, नाहीतर मोठ्यानं 'सुमिमासेन!', म्हणजे 'माफ करा!', अशी हाक मार. तिथे त्यात उद्धटपणा नाही. उलट गप्प बसून राहिलास तर कुणी येणार नाही. मग मेनूवर बोट ठेवून 'कोरे ओ फुतात्सु कुदासाइ', हे दोन द्या. ड्राफ्ट बिअर हवी असेल तर 'नामा हितोत्सु'. पाणी 'ओमिझु कुदासाइ'. त्याचे पैसे सहसा लागत नाहीत.

तुझी खरी अडचण दाशीची, म्हणजे रश्श्यासाठी मुरवलेल्या पाण्याची. 'निकु नुकी दे', म्हणजे मांस वगळून, असं सांगितलंस तर वरचे तुकडे जातील, रस्सा तोच राहील. मिसो सूप, उदोन (जाड नूडल्स), सोबा नूडल्स बुडवायची त्सुयु म्हणजे पातळ चटणी, या सगळ्यांत बहुधा कात्सुओबुशीची दाशी असते: धुरी देऊन वाळवलेल्या माशाच्या किसाचा अर्क. डोळ्यांना मासा दिसत नाही, म्हणून 'शाकाहारी आहे' एवढं सांगून भागत नाही. सरळ विचार, 'कात्सुओ-दाशी वा हाइत्ते इमास का?', म्हणजे यात कात्सुओ-दाशी आहे का? 'हाइ', म्हणजे हो, म्हणाले तर तो पदार्थ सोड. कोंबु म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी मात्र तुला चालेल. आगेदाशी तोफू म्हणजे रश्श्यातला तळलेला तोफू, पण तोफू या नावावर जाऊन फसू नकोस, त्याचा रस्साही बहुधा माशाचाच. थंड तोफूवर, म्हणजे हियायाक्कोवर, तोच माशाचा किस वरून भुरभुरतात. 'कात्सुओबुशी नुकी दे ओनेगाइशिमास' म्हटलंस की काम होतं. एदामामे (उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा) आणि काप्पामाकी (काकडीचा सुशी रोल) हे त्यातल्या त्यात निर्धास्त.

इझाकायात, म्हणजे जपानी पबमध्ये, न मागता एक छोटी वाटी येते, ती ओतोशी. बऱ्याच ठिकाणी माणशी 300 ते 500 येन बिलात लागतात, आणि तिच्यातही मासा असू शकतो. नको असेल तर बसतानाच विचार. काही ठिकाणी ती टळत नाही.

शेवटी 'ओकाइकेइ ओनेगाइशिमास' म्हणून बिल माग. वेगवेगळं हवं असेल तर 'बेत्सुबेत्सु दे'. टीप ठेवू नकोस, विसरलेले पैसे समजून मागे धावत येतील. निघताना 'गोचिसोसामा देशिता', म्हणजे जेवणाबद्दल आभार, मात्र नक्की म्हण.

तुझा,
विनय