वीजदराची सुनावणी खुली, पण आकड्यांची छाननी बंद दाराआड

संपादक महोदय,

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने महावितरणच्या बहुवर्षीय वीजदराचा आदेश २८ मार्च २०२५ रोजी दिला. २ एप्रिलला त्याला स्थगिती मिळाली आणि २५ जूनला पुनर्विलोकनात दर बदलले. मूळ आदेशाआधी जाहीर सुनावण्या झाल्या होत्या. पुनर्विलोकनाच्या टप्प्यावर त्या झाल्या नाहीत. दर ग्राहकाच्या बिलात बदलणार असेल, तर त्याचे म्हणणे दोन्ही वेळा ऐकलेच पाहिजे.

वीज कायदा २००३च्या कलम ६४ नुसार दराच्या अर्जाचा गोषवारा प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत आदेश द्यावा लागतो. कलम ८६(३) पारदर्शकतेची जबाबदारी थेट आयोगावर टाकते. मात्र हा अर्ज, म्हणजे कंपनीची दराची याचिका, दाखल करून घेण्याआधी जी तांत्रिक छाननी बैठक होते, तिथे कंपनीचे अधिकारी आणि आयोगाने नेमलेले ग्राहक प्रतिनिधी बसतात. सामान्य ग्राहकाला आमंत्रण नसते. खरी घासाघीस तिथेच होते. उदाहरण शेतीपंपांचे घ्या. विनामीटर पंपांचा वापर अंदाजाने धरतात. तो फुगवला की तेवढी वीज ‘विकली’ असे दिसते आणि वितरण हानी कागदावर कमी होते. गळती आणि चोरी शेतकऱ्याच्या नावावर जाते. हा आकडा कसा काढला, हे सुनावणीतल्या पाच मिनिटांत कोणालाच तपासता येत नाही.

म्हणून छाननीत आयोगाने काढलेल्या त्रुटी, कंपनीची उत्तरे आणि बैठकीचे इतिवृत्त हरकतींची मुदत सुरू होण्याआधी संकेतस्थळावर यावे. तक्तेही सूत्रांसह द्यावेत. स्कॅन केलेल्या पानांवरून बेरीजसुद्धा ताडून पाहता येत नाही. कोणत्या बैठका लोकांना खुल्या आहेत आणि कोणाची इतिवृत्ते पाहता येतात, हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून जाहीर करावे, असे माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(ख)(आठ) सांगतेच.

हरकत घेणाऱ्यांनाही एक विनंती. चुकीचे बिल, जळालेला मीटर, रखडलेली जोडणी यांसाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. दराच्या सुनावणीत हे मांडले की वेळ जातो आणि दराच्या आदेशावर त्याचा काही परिणाम होत नाही. त्याऐवजी याचिकेतला परिच्छेद किंवा तक्ता क्रमांक लिहा, कोणता आकडा मान्य नाही आणि त्याऐवजी किती धरावा ते सांगा, खाली नाव, पत्ता आणि प्रत्यक्ष बोलायचे आहे की नाही ते नमूद करा. स्थिर आकार, वहन आकार आणि वीज आकार यांवर वेगवेगळे मुद्दे करा. एकाच परिच्छेदात ‘दरवाढ रद्द करा’ असे लिहिले, तर आदेशातही त्याला एका ओळीचेच उत्तर मिळते.

— एक वीजग्राहक, पुणे