आधी मडगार्ड बसतं का ते बघ

शेफील्ड, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा

प्रिय सुहास,

तू पाठवलेला सायकलीचा फोटो बघितला. काळीकुळकुळीत कार्बनची फ्रेम, वजन आठ किलोच्या आत, आणि खाली तुझा प्रश्न: "ऑफिसला जायला कशी आहे?" जुलैत झकास आहे. पण तू नोव्हेंबरपासून मँचेस्टरात रोज डिड्सबरीहून पिकॅडिलीला जाणार. त्या कामाला ही घेऊ नकोस. फोनवर तू मधेमधे बोलतोस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मँचेस्टरचा हिवाळा म्हणजे बर्फ, असं तुझ्या डोक्यात असेल. बर्फ तुला फारसा भेटणार नाही, भेटेल ती ओल. आपल्याकडे पाऊस कोसळतो आणि मोकळा होतो. इथे तो दिवसभर भुरभुरतो आणि थांबला तरी रस्ता वाळत नाही. डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो, म्हणजे जाताना अंधार आणि येतानाही अंधार. पारा शून्याकडे उतरला की रस्ता गोठू नये म्हणून कौन्सिलच्या गाड्या रात्री मीठ टाकत फिरतात. खाणीतलं, तपकिरी, जाडंभरडं मीठ. चेशरमध्ये विन्सफर्डला त्याची मोठी खाण आहे, तुझ्यापासून फार लांब नाही. ते पाण्यात विरघळून चेनमध्ये, बेअरिंगमध्ये, केबलच्या नळीत शिरतं आणि सायकल आतून खात बसतं. तेव्हा सायकल किती हलकी हे बाजूला ठेव. ही ओल आणि हे मीठ ती कसं झेलणार, ते बघ.

दुकानात गेलास की किंमत विचारायच्या आधी खाली वाक आणि मागच्या चाकाच्या आसापाशी नीट बघ. फ्रेमला तिथे आटे पाडलेली बारीक भोकं हवीत. पुढच्या चिमट्याच्या टोकांनाही तशीच हवीत. मडगार्डच्या काड्या तिथेच कसल्या जातात. ती नसतील तर दुकानदार म्हणेल, चिकटवायचं किंवा पट्ट्यांनी बांधायचं मडगार्ड घ्या. ते हो म्हणून ऐकून घे आणि दुसऱ्या सायकलीकडे वळ. बांधलेलं मडगार्ड खडखडतं, सरकतं, आणि तुझे बूट व्हायचे तेवढे ओले होतातच. मग टायर आणि फ्रेमच्या मधली फट बघ. रेसच्या सायकलीत तिथे बोट जेमतेम शिरतं. २८ मिलिमीटरचा टायर आणि वर मडगार्ड, एवढी जागा हवीच. ३२ चा बसला तर सोन्याहून पिवळं. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, ओल्या रस्त्यावर पकड बरी मिळते आणि खड्ड्यात हाडं खिळखिळी होत नाहीत.

गंमत बघ, सांगलीत गावभागातून विश्रामबागला आपण ज्या सायकली हाणायचो, त्यांना मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, डायनामो सगळं आधीपासून लागून यायचं. मडगार्ड काढून फिरणारी पोरं आपल्याला हिरो वाटायची. आता तेच सगळं एकेक करून पौंड मोजून परत बसवायचं.

ब्रेक डिस्कचेच घे, म्हणजे चाकाच्या मध्याशी बसवलेली तबकडी धरणारे. यात मी तडजोड करणार नाही. रिमवर रबर दाबणारे ब्रेक ओल्यात आधी पाणी पुसतात आणि मग धरतात, आणि समोर अचानक टॅक्सीचं दार उघडलं तर तेवढा क्षण परवडत नाही. शिवाय रबरात रस्त्याची कच रुतते आणि ॲल्युमिनियमची रिम किसली जाते. हिवाळ्यात अशा रिमवरून बोट फिरवलं की काळा लगदा हाताला लागतो. त्यात बरीचशी तुझी रिमच असते. ती झिजून पातळ झाली की रिमच, बहुधा अख्खं चाकच, बदलावं लागतं. डिस्कला पॅड बदलले की काम झालं. केबलवाले घ्यायचे की तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक, हा वाद लोक तासन्‌तास घालतात. पैसे पुरत असतील तर हायड्रॉलिक घे, जाड हातमोज्यातही दोन बोटांनी लागतात. नसतील पुरत तर केबलवाले घरी पाना घेऊन सारखे करता येतात. एकच पाळ: चेनला तेल घालताना डिस्कवर थेंब उडू देऊ नकोस.

गिअरच्या बाबतीत माझं मत उलटं आहे: स्वस्त तेच चांगलं. शिमानोचा आठ गिअरचा क्लॅरिस किंवा नऊचा सोरा तुला भरपूर झाला. मिठाने चेन आणि मागची चक्रं खराब होणारच. बारा गिअरच्या सेटची तीच चक्रं बदलताना खिशाला चांगलाच चटका बसतो. खरं तर विल्म्सलो रोडने रशोमची करी माइल ओलांडून ऑक्सफर्ड रोडला लागायचं, हा तुझा सगळा रस्ता सपाट. एकाच गिअरच्या सायकलीवरही तू आरामात पोचशील. मला ते सुख नाही, शेफील्डात घराबाहेर पडलं की चढ नाहीतर उतार. कार्बन पावसात कुजतं वगैरे काही नसतं, पण ऑफिसबाहेर दिवसभर उभी करायला ॲल्युमिनियम किंवा स्टीलची बरी, जीव टांगणीला लागत नाही. वाकड्या हँडलची तुझी हौस मात्र खुशाल पुरवून घे, समोरून वारा असला की खाली वाकायला बरं पडतं. नावंच हवी असतील तर प्रेस्टनच्या रिबलची सीजीआर आणि जेनेसिसची क्र्वा द फेर बघ. नाहीतर सरळ सांग की मडगार्ड आणि कॅरिअर बसेल अशी दाखवा.

आता दिवे. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा इथे कायद्याने लागतो, मागे लाल रिफ्लेक्टरही. १ ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेल्या सायकलीच्या पायडलवर नारिंगी रिफ्लेक्टर हवेत. बुटाला खटक्याने अडकणाऱ्या पायडलांना ते बहुधा नसतात, हे कोणी सांगत नाही. तुला आपला तो डायनामो आठवतो? टायरला टेकवला की पाय जड व्हायचे आणि चौकात थांबलं की दिवा गुल. आता तो पुढच्या चाकाच्या हबमध्येच असतो. सहा व्होल्ट, तीन वॅट, चालवताना जाणवतही नाही, आणि सिग्नलला थांबल्यावरही दिवा काही मिनिटं तेवत राहतो. महाग आहे, पण रोज रात्री चार्जिंग आठवायचं झंझट जातं. मी तर पुढच्या वर्षी बसवणारच आहे.

शहरात शिरलास की ट्रामचे रूळ. ओल्या रुळावर ब्रेक लावायचा नाही, वळायचं नाही, जमेल तेवढं काटकोनात पार व्हायचं. ३२ चा टायर आहे म्हणून रुळाच्या फटीला भिणं सोडू नकोस. फॅलोफील्ड लूप ही जुन्या रेल्वेमार्गावरची सायकलची वाट सुंदर आहे, पण गोठलेल्या सकाळी तिथे मीठ पडलेलं असेलच असं नाही. अशा दिवशी गुपचूप बसने जा, त्यात कमीपणा नाही.

घरी आलास की चेन जुन्या फडक्याने पुसायची, आठवड्यातून एकदा बादलीभर कोमट पाण्याने सगळी धुवायची आणि ओल्या हवेसाठी मिळतं ते घट्ट तेल घालायचं. उन्हाळी पातळ तेल दोन पावसांत धुऊन जातं.

पैशांचं म्हणशील तर तुझ्या कंपनीत सायकल टू वर्क योजना आहे का विचार. कर कापायच्या आधीच पगारातून हप्ते जातात, म्हणून चांगली बचत होते. पूर्वी बहुतेक ठिकाणी हजार पौंडांची मर्यादा असायची, २०१९ पासून त्यावरही देता येतं. त्यातच मडगार्ड, दिवे आणि कुलूप बसवून घे. शेवटी सायकल आपल्या नावावर करून घ्यायला थोडी रक्कम पडते, ती आधीच विचारून ठेव. कुलपावर सोल्ड सिक्युअरचा (ते कुलपं तपासून दर्जा ठरवतात) गोल्ड किंवा डायमंड शिक्का बघ आणि फ्रेमचा नंबर बाइकरजिस्टर या सायकल नोंदणीच्या साइटवर नोंदव. मँचेस्टरात सायकल चोरीला जाते, हे गृहीतच धर.

मंजुरीला वेळ लागतो, म्हणून सोमवारीच एचआरला गाठ. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातील आणि संध्याकाळी लवकर अंधारेल, त्याच्या आत निदान दिवे तरी घेऊन ठेव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश